पूर्वसूचना न देता

शिवाजीनगर कोर्टात आगटे सरांच्या हाताखाली होते तेव्हा
चेक बाऊन्सच्या केसेस, एकशे अडतीस,
तारीख, परत तारीख,
अंगठ्याला शिक्क्याची जांभळी शाई.

आता खराडीत, नवव्या मजल्यावर,
पैसा कसा जाईल ते मी लिहिते.
कुठे थबकेल,
हरवला तर कोणी हरवला म्हणायचं.
सॉफ्टवेअरचे परवानेही लिहिते:
हस्तांतर न होणारे, केव्हाही काढून घेता येणारे.
सासूबाई म्हणाल्या, भाडेकरूच की, पागडी नसलेला.

काल जुन्या कामासाठी कोर्टात गेले.
फाटकाशी शमीम बागवानकडून पेरू घेतले.
डबा ओरडला, चाळीस रुपये प्राप्त झाले.
रांगेतल्या सगळ्यांना कळलं.

ताई, काळा कोट आहे म्हणून विचारते,
खातं गोठवलंय. अकरा दिवस झाले.
कुणाचा तरी चोरीचा पैसा आला म्हणे माझ्याकडे,
पेरवांचाच असेल ना?
आवाज येतो रोज. पैसा निघत नाही.

तिचा फोन घेतला, अटी उघडल्या,
बोटानं खाली, खाली, अजून खाली,
आणि एका स्वल्पविरामापाशी थांबले.
तो माझा होता.
रात्री साडेअकराला टाकलेला,
क्लायंटला ‘पूर्वसूचना न देता’ हवं होतं,
मी दिलं. शुद्धलेखनासकट.

काय लिहिलंय? तिनं विचारलं,
मीठ लावलेली फोड पुढे केली.

पाटीशेजारी उकिडवी बसले,
जुन्या वकालतनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं:
अर्जदार, शमीम रफीक बागवान.
विरुद्ध

डबा म्हणाला, वीस रुपये प्राप्त झाले.