खडीला काठ

एप्रिल सरता सरता बर्फ उठतो
आणि कळतं, हिवाळ्यानं किती खडी नेली.
नेली म्हणजे काय, दहा पावलांवर टाकली,
हिरवळीत, गवताच्या मुळांत रुतवून.
क्लोविसच्या नांगराचं काम.
बर्फासोबत रस्त्याचंही साल काढतो दरसाल.
मग मी दाताळं घेऊन, गुडघ्यांशी भांडत,
एकेक खडा परत आणते
चुकार शेळ्या हाकाव्यात तशी.

ऑरेल म्हणायचा, राहू दे,
गवत कापताना पात्याला कळेलच.
पात्याला कळायचं,
आणि लगेच खिडकीच्या काचेलाही.
दोनदा बदलली ती काच.

मागच्या वर्षी ठरवलं, कड बांधायची.
एडमंडस्टनला जाऊन पोलादी पट्ट्या सांगितल्या,
चार बोटं रुंद, गंजून मातीच्या रंगाला येणाऱ्या.
दुकानातल्या मेलिनानं विचारलं,
रस्ता सरळ आहे ना?
मी हो म्हणाले.
घरी येऊन पाहिलं तर नव्हता.

फाटकातून बारा पावलं शहाण्यासारखा येतो,
मग डावीकडे पोट काढतो,
कुणाला तरी वाट द्यावी तसा,
आणि मुकाट गॅरेजच्या दाराशी.
उजव्या अंगाला तिथं एल्म होता.
तो वाळला त्या वर्षी आमचा धाकटा
शाळेत जायला लागला होता.
आता धाकट्याचे कल्ले पांढरे झालेत.
बुंधासुद्धा कुजून गेला कधीच.
वळण कुणी काढलं नाही.
स्टिअरिंग आपसूक फिरायचं,
रागात निघालेलं असो की दवाखान्यात.

दोन खुंट्या ठोकल्या, मध्ये पांढरी सुतळी.
सुतळीला झाड ठाऊक नव्हतं.

वीतभर खोल चर खणायचा तर
सगळीकडे दगड, कुदळीला ठिणग्या.
फक्त त्या एका जागी
माती काळी, भुसभुशीत, हातात विरणारी.
कसला तरी वास आला.
आठवेपर्यंत गेला.

काळं कापड अंथरलं, तण येऊ नये म्हणून.
पट्ट्या ठोकल्या रबरी हातोड्यानं,
थोड्या बोटांवरही.
ट्रकभर खडी आली, करडी, कोन असलेली.
गोल गोटे घ्यायचे नाहीत, हे ऑरेलचंच,
गोल गोटे एकमेकांना धरून राहत नाहीत.
डावीकडचं पोट बुजवून तिथं
शेजारच्या झेलियानं दिलेल्या डेलिलीच्या गड्ड्या लावल्या.
फाटकात उभं राहिलं की
घराचं दार थेट दिसू लागलं.
जरा उघड्यावर पडल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

डिसेंबरात पहाटे चारला क्लोविस आला.
छतावर फिरणारा त्याचा नारिंगी दिवा,
खरवडण्याचा तोच आवाज,
आणि मध्येच कडाड.

उजेडलं तेव्हा बर्फात रस्ता होता,
स्वच्छ, रुंद,
आणि डावीकडे पोट काढलेला.
डेलिलींच्या डोक्यावरून गेला होता.
पट्टी सार्डिनच्या डब्याच्या झाकणासारखी
वळून उभी.

क्लोविस टोपी काढून स्वयंपाकघरात बसला.
म्हणाला, अंधारात मी डोळ्यांनी जात नाही.
बाप, लेओनीद, मांडीवर बसवून न्यायचा.
इथं हात वळवायचा, म्हणायचा. का ते नाही सांगितलं.
मी म्हटलं, झाड होतं.
कुठलं?
त्यानं ते पाहिलेलंच नव्हतं.

पट्टीचे पैसे देऊ केले, मी घेतले.
पोलाद काही स्वस्त नाही.

आता पुन्हा एप्रिल.
डेलिली उगवल्यात, निम्म्या, तिरक्या.
खडी हिरवळीत पडलीय, जुन्या वळणाच्या बाहेर,
जशी नेहमी पडायची तशीच.
सकाळी दुकानात फोन केला.
मेलिनानं विचारलं, सरळच ना?
म्हटलं, थांब गं जरा,
बाहेर जाऊन बघते.