एकतीस अंश

रॅक लोखंडी, वनखात्याचा.
आधी त्यात तेंदूपत्त्याची रजिस्टरं होती,
चौऱ्याऐंशीपासूनची, वाळवीसकट.
आता सहा खणांत सहा टब आहेत.
धान कापायच्या मशीनखाली सापडलेला पोरसवदा अजगर,
विहिरीतून काढलेली धामण,
आणि एक घोणस, जिचं नाव मडावीबाई घेत नाहीत,
नुसतं "चौथ्या खणातली" म्हणतात.

मोहाळीच्या नाक्यावर पहाटे पारा आठवर.
टाके भरून येईनात.
बाई म्हणाल्या, "दिवाकर, ऊब पायजे.
पन यायले जगवाचं हाये, शिजवाचं नाही."

मी मोटारी भरणारा माणूस.
पहिल्या दिवशी मी फक्त खड्डा खणला.
चौकीदाराला वाटलं, एखादा मेला.
मीठ, कोळसा, पट्टी, वर दोन बादल्या पाणी.
लोखंड आहे, बाई. लोखंडाची आधी जमिनीशी ओळख,
मग विजेशी.

चौकीदारानं दोनशेचा बल्ब आणला होता,
कोंबडीच्या पिलांना चालतो म्हणून.
त्याला म्हटलं, ठेव, संडासात लाव.

उबेची वायर मागच्या फळीवरून नेली,
नागमोडी.
शब्दच तसा आहे, मी काय करू.
कुठेही स्वतःवर चढू दिली नाही,
वायर जिथे स्वतःला ओलांडते
तिथेच जळते.
टबाच्या एका टोकालाच ऊब, बाकी तळ थंड,
नको असेल त्याला सरकायला जागा हवी.
प्लगाआधी वायर वीतभर खाली लोंबती सोडली:
पाण्याचं भांडं कलंडलं तर थेंब तिथून गळेल,
सॉकेटात चढणार नाही.

आमच्याकडे शेतीचे पंप सुरू असले
की ट्यूब डोळे मिचकावते, एकशे साठ.
बंद झाले की दोनशे सत्तर.
म्हणून स्टॅबिलायझर. म्हणून वेगळा एमसीबी, रॅकपुरता.
म्हणून थर्मोस्टॅटचा काळा मणी टबाच्या बुडाशी
चांदीच्या पट्टीनं घट्ट चिकटवलेला.
तो सुटला तर खोलीतली थंडी मोजत बसेल
आणि वायरला सांगत राहील, अजून, अजून.
त्यावर दुसरा थर्मोस्टॅट लावला, चौतीसला तोडणारा,
पहिल्यावर विश्वास नसलेला.

"एवढं काहून करतेस बे?" चौकीदार.

डॉक्टर रहाटे सांगून गेले होते,
सापाच्या पोटाला चटका वेळेवर कळत नाही.
ऊब आहे, म्हणून पडून राहतो,
कातडी सुटेपर्यंत.

माझ्या बाला साखर होती.
तळपायांना काही कळायचं नाही.
एका पौषात शेगडीला पाय लावून पेपर वाचत बसला,
निवांत, शेवटच्या पानापर्यंत.
वास आला तेव्हा मान वर करून त्यानंच विचारलं,
"काय जळून राह्यलं बे, दिवाकर?"

तीन रात्री टब रिकामे ठेवून चालवले.
दर दोन तासांनी आकडा वहीत.
दुसऱ्या रात्री एमसीबी पडला.
बाईंचं तोंड उतरलं, मला हायसं वाटलं:
पडतो, म्हणजे जागा आहे.
मधल्या खणात खिळ्यानं वायर सोलली होती,
माझीच चूक. कापली, नवी टाकली.

चौथ्या रात्री साप ठेवले.
लाइन गेली तर म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या
पोत्यात गुंडाळून तयार होत्या. लाइन गेली नाही.
एकतीस. एकतीस. तीस. एकतीस.
तळहाताचा भरवसा नाही,
जुन्या भाजण्यांनी तो बधिर झालाय,
म्हणून मी हाताची मागची बाजू
बाहेरून प्रत्येक टबाच्या बुडाला लावत होतो.

अडीचच्या सुमारास चौथ्या खणात खरखर झाली.
बॅटरी मारली.
ती उबेवरून उतरत होती,
आधी मान, मग ते जाड, टाके घातलेलं पोट,
सावकाश, थंड टोकाकडे.

बाई टेबलावर डोकं ठेवून झोपल्या होत्या.
उठवलं नाही.
वहीत लिहिलं: दोन चाळीस, सरकली.