वितळलेली बाजू

कुणी विचारतं, हे काळं संगीत
खानदेशात आलं कुठून?
मी भुसावळ म्हणत नाही.
झोपेबाईंची केळी पिकवायची खोली सांगतो.

कॅसेट एकच. लोको शेडमधल्या डेन्झिलची बदली झाली,
ती खिडकीत राहिली. नाव पुसलेलं.
उन्हानं एक बाजू वितळून
गाणं मध्येच वाकायचं, रडल्यासारखं.
आम्हाला वाटलं, असंच असतं ते.
वाकलेलंच शिकलो.

अक्रम पिंजारीच्या गिटारला चार तारा.
तायडेचा ताल बापाच्या बँडमधला, वरातीचा,
पण नवरदेव पळून गेल्यावरचा.

पांढऱ्या चेहऱ्यांचं लोक अजून कौतुक करतात.
कसली कल्पना, भो!
दीपनगरहून पाळी संपवून थेट यायचो,
राख धुवायला नळ आठव्या दिवशी.
त्यात गावाचे डोळे आलेले,
म्हणून काजळ, गालांपर्यंत ओघळलेलं.
मे महिन्यात अंगात रेल्वेचे काळे कोट,
कारण दुसरं काही काळं नव्हतं.

पहिल्याच रात्री वीज गेली.
मीनल अंधारात ओरडत राहिली,
डोक्यावर घड लटकलेले वटवाघळांसारखे.
ऐकायला अकरा जण, बारावा हमाल.
तो म्हणाला, झालं का तुमचं?
माल काढायचाय.

पुढे खूप वर्षांनी
तेच गाणं कुणीतरी धड ऐकवलं.
सरळ होतं.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
अक्रम म्हणाला, बंद कर,
यात काहीतरी बिघडलंय.