उष्टावण

चर्चच्या पूर्वेला एक धुरकटलेली खोली आहे,
तिला आम्ही बेथलेहेम म्हणतो.
लास्ताच्या डोंगरात प्रत्येक चर्चला असं एकेक बेथलेहेम,
गोठ्याएवढंच.
मध्यरात्रीनंतर मी तिथं कणीक तिंबतो.
बोलायचं नाही, थुंकायचं नाही, चव बघायची नाही.
वय सतरा, पोट रिकामं,
आणि भाजत्या गव्हाचा वास थेट नाकात.
देवा, एवढं माफ कर.

लाकडी शिक्क्यानं भाकरीवर तेरा क्रूस उमटतात.
मधला त्याचा. कडेचे बारा शिष्यांचे,
त्यांत ताटावरून उठून गेलेल्याचाही.
सुतारानं तो गाळला नाही.

मनुके पाण्यात फुगतात.
पिळून जे उतरतं ते फिकटच.
अबा गेब्रेयेस म्हणतात, रंग तुझ्या हातात नाही, तू पीळ.

काल संध्याकाळी येशीमेबेत आल्या.
ऐंशी दिवसांच्या असताना त्यांचं उष्टावण झालं, याच चर्चमध्ये,
बाप्तिस्म्याच्या ओल्या अंगानं.
आई सांगायची, तू जीभ बाहेर काढून अजून मागत होतीस.
नवव्या वर्षी लग्न, आणि घास थांबला.
मग दोन नवरे, सहा बाळंतपणं,
शेळ्यांच्या वाटणीसकट एक काडीमोड,
आणि सत्तर वर्षं फाटकापर्यंतच.
दगडाला ओठ लावायचे, मागं फिरायचं.
इथं बहुतेक माणसं तशीच जगतात.
घास तान्ह्यांचा आणि म्हाताऱ्यांचा,
मधल्या आयुष्याला भीती वाटते.

आता नवरा नाही, दात नाहीत.
अबा म्हणाले, ये.
फक्त अस्नाकेचकडे जाऊन ये.

बांधाचा दगड अकरा वर्षांपूर्वी कुणी सरकवला
हे दोघींनाही ठाऊक आहे,
वेगवेगळं ठाऊक आहे.

त्या गेल्या. दार उघडलं.
अस्नाकेचनं पाण्याचा भोपळा पुढं केला.
एकीनंही शब्द काढला नाही.
एवढं पुरतं का रे, त्यांनी मला विचारलं.
मी म्हटलं, अबांना विचारा.
एक गोष्ट मात्र सांगितली नाही:
या आठवड्याचा गहू अस्नाकेचच्या घरचा,
त्याच बांधालगतच्या पट्टीतला.
मीच निवडला. एक खडा निघाला, तो फेकला.

पहाटे ढोल थांबला, पडदा सरला.
आधी तान्ही मुलं, मग त्या.
अबांनी घास दिला. चमचा माझ्या हातात.
त्यांनी तोंड उघडलं आणि जीभ बाहेर आली,
पुरती बाहेर.
माझा हात हलला.
थेंब चमच्याच्या कडेशी आला, तिथंच राहिला.

रात्री ती कणीक होती,
बोटांना चिकटणारी, भांडणाच्या मातीत वाढलेली.
कुठल्या क्षणी ती त्याचं शरीर झाली
हे इतक्या जवळ उभं राहूनही मी पाहिलं नाही.
शेत कुणाचं, एवढं त्यानं विचारलं नसावं.

घास घेतल्यावर तोंडावर पदर धरतात,
कण सांडू नये म्हणून. बोलत नाहीत.
येशीमेबेत तशाच, अनवाणी, फाटकाबाहेर गेल्या.
आत न येणाऱ्यांत अस्नाकेच उभी होती,
भिंतीला टेकून.
तिनं यांच्या पायांकडे पाहिलं.
आज काटा लागून रक्त सांडायला नको.
आपल्या प्लास्टिकच्या चपला काढल्या
आणि पायानंच, दुसरीकडे बघत,
पुढं सरकवल्या.

मी परात खरवडायला बेथलेहेमकडे वळलो.