खर्च वजा जाता

मी दुभाषी. तासाला पंचेचाळीस डॉलर,
देणारी खाणकंपनीच.
शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या रिंगखाली
चार टेबलं जोडलेली, कॉफीचा थर्मास,
कंपनीचं नाव विणलेल्या लोकरी टोप्यांचा ढीग.
बाहेर उणे एकतीस.

वकील बेलांजे म्हणाला,
"निव्वळ नफ्याच्या साडेचार टक्के."
साडेचार मला बोटांवर दाखवता येतात.
निव्वळपाशी मी अडले.
बर्फाला आमच्यात किती शब्द, हे सगळे विचारतात.
निव्वळला एकही नाही, हे कुणी विचारत नाही.

मग मी इनुक्टिटुटमध्ये म्हणाले,
"सगळ्यांचं जेवून झाल्यावर
जे उरेल, त्यातलं."
मागे कुणीतरी फिसकन हसलं.
अर्नाउयाक हसली नाही.
"सगळे म्हणजे कोण कोण?"

तेच मी फ्रेंचमध्ये विचारलं.
त्यानं पान उलटलं.
डिझेल. निकेल नेणारी जहाजं.
दक्षिणेतून विमानानं येणारे कामगार, शुक्रवारची त्यांची कोळंबी.
बँकेचं व्याज.
व्यवस्थापन शुल्क, म्हणजे
कंपनीच्या एका खिशानं दुसऱ्याला द्यायचे पैसे.
मी एकेक सांगत गेले,
म्हातारी एकेक बोट मिटत गेली.
दोन्ही हातांच्या मुठी झाल्या, तरी पान संपेना.

"एवढ्या पंगती उठल्यावर आपलं पान?"
हे मी भाषांतरित केलं नाही.
त्याला कळलं.

दुपारी पुतुलिकनं सील आणला.
पहाटेच मारलेला, अजून आतून ऊन.
फ्रीजचं खोकं फाडून जमिनीवर पसरलं,
अर्नाउयाक गुडघ्यांवर बसली, उलू हातात.
पहिला तुकडा लुकासीच्या बायकोला,
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
मग पाळणाघराला एक डबा.
मग जोआनासीला,
ज्याच्याशी पुतुलिक सात वर्षं बोलत नाही.
काळीज वकिलाला. पाहुणा तो.
बूट दारात काढून मोज्यांवर बसलेला,
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
त्यानं खाल्लं. खरंच खाल्लं,
कफाला रक्त लागलं तेही पुसलं नाही.

पुतुलिकला शेवटी उरल्या दोन फासळ्या नि एक पंजा.
त्यानं तोंड वाकडं केलं नाही. तसंच असतं.

मी वाक्य जुळवून बसले होते,
म्हातारी आता काही बोलेल,
तर फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं ते.
ती काही बोलली नाही.
उलू पॅन्टला पुसली, खिशात ठेवली,
आणि एक टोपी उचलून घेतली. नातवासाठी.

त्या दिवशी काही ठरलं नाही.
अकरा महिने लागले, तीन वकील, एक घटस्फोट (बेलांजेचा).
शेवटी निव्वळ खोडलं, एकूण लिहिलं,
आणि साडेचारचे झाले सव्वा.
मी घरी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं.
चांगलं आहे. बहुतेक.

पहिला धनादेश आला तो सगळ्यांना सारखा,
माझ्या चार महिन्यांच्या मुलीच्या नावाचासुद्धा.
त्याच आठवड्यात दुकानात
दूध दोन डॉलरनं चढलं.

आता मार्च. बर्फफोडं जहाज काल गेलं.
खाडीच्या बर्फात काळ्या पाण्याचा पट्टा,
ह्या काठाला पुतुलिक, त्याची नवी स्नोमोबिल,
धनादेशातूनच घेतलेली.
त्या काठाला सील.

कलम नऊ: "वाजवी विलंब."
माझंच भाषांतर आहे.
मी लिहिलं होतं, "थोडं थांबा."

तो थांबलाय.
मघाशी काठीनं टोचून पाहत होता,
काठी आत गेली.