मुळं छाटायचा महिना

मस्कतला, रुवीतल्या तिसऱ्या मजल्यावर
एसीच्या नळीखाली बादली ठेवली
की दिवसाला अर्धी भरते.
तेवढ्यात भागतं उंबराचं.

उंबर म्हणजे वीतभर.
ताटलीएवढ्या कुंडीत त्याला अकरा वर्षं झाली,
आमच्या लग्नाला बारा.

दर दोन वर्षांनी, व्हिसाचा शिक्का झाला की
त्र्यंबक फरशीवर अरबी पेपर पसरायचा,
झाड उपसायचा,
जेवणाच्या जुन्या काट्याने मुळं विंचरायचा
आणि कात्री माझ्याकडे द्यायचा.
"तू काप. माझा हात थरथरतो."
दिवसभर तांब्याचे पाइप कापणारा माणूस!

पाहुणे दारातून आत आले की आधी तिकडेच.
"अय्या, खरं आहे?" म्हणत
नखाने पान खरवडून बघायचे.
शोभेचं आहे, म्हणायचे मी. शोभतं ना?

यंदा शिक्का झाला नाही.
कंपनीने चाळीस दिवस दिले.
सोफा विकला, फ्रिज विकला,
पडदे तसेच सोडले.
माती काही विमानात नेऊ देत नाहीत.

वॉचमन नूरुलने पार्किंगमागे खड्डा खणला,
अख्ख्या इमारतीचं पाणी ठिबकतं तिथे.
फांदीची तार सोडवताना
साल थोडी निघालीच.

काल त्याचा फोटो आला, इकडे चिपळूणला.
दोन पानं बकरीने खाल्लेली.
तिसरं
माझ्या तळव्याएवढं.
त्र्यंबक कितीतरी वेळ
दोन बोटांनी ते अजून मोठं करत बसला.