अर्धायुष्य

महाप्याला, तिसऱ्या मजल्यावर,
सात वाजून चार मिनिटांनी गोळी गिळली.
सिस्टर फुर्तादोंनी
जिभेखाली टॉर्च मारून खात्री केली.

मग रक्त, दर अर्ध्या तासाला.
नळीवर नाव नाही. सतरा नंबर.

डॉक्टर म्हणाले,
सहा तासांत अर्धं औषध जातं,
पुढच्या सहांत उरलेल्याचं अर्धं.
यकृत मोडतं, मूत्रपिंड बाहेर पोचवतं.
मग शून्य कधी?
ते हसले :
मोजता येईना झालं की शून्यच म्हणायचं.

खिडकीत पारसिकचा डोंगर,
अर्धा खणलेला.

रबाळ्याच्या कंपनीतला निळा रंग
बाबांच्या नखांत होता,
तिरडी बांधली तेव्हाही.
नऊ वर्षं झाली.

"झोपलात का?" सिस्टरनी विचारलं.
मी खाकरलो,
हुबेहूब बाबांसारखा.

अकरावी नळी.
सिस्टरनी वेळ लिहिली.